दुसऱ्या लेसरआधी जुनी फाइल शोधा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भरतीची जाहिरात निघाली किंवा लग्नसराई जवळ आली की ‘चष्म्याला कायमची सुट्टी’ असे फलक सांगलीच्या विश्रामबागेपासून मिरजेपर्यंत दिसू लागतात. पहिल्यांदा लेसर करणाऱ्याला माहिती हवी तेवढी मिळते. ज्यांनी एकदा नंबर घालवला, पण ज्यांना मनासारखे दिसले नाही, त्यांना मात्र नीट सांगणारे फार कमी भेटतात. कुणाचा नंबर परत आला, कुणाला रात्री समोरच्या गाडीचा अप्पर डोळ्यात फुटतो, कुणाला मोतीबिंदूत महागडी लेन्स बसवूनही चष्मा लागला. या सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, पुन्हा एकदा लेसर मारून मिळेल का? आम्ही सांगली-मिरजेत नंबर तपासण्याचे आणि बुबुळाचे, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराचे (कॉर्नियाचे), स्कॅन काढण्याचे काम करतो. या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ की ‘नाही’ हे कशावरून ठरते, ते आपल्या पत्राच्या सदरातून वाचकांपुढे ठेवावे असे वाटले. पत्र लांबले आहे, पण विषय थोडक्यात उरकण्यासारखा नाही.

पहिली परीक्षा साधी आहे आणि तिला महागडे यंत्र लागत नाही. नीट काढलेल्या नंबराचा चष्मा ट्रायल फ्रेममध्ये घातल्यावर शेवटची ओळ स्वच्छ वाचता येते का? येत असेल, तर राहिलेला दोष निव्वळ नंबराचा आहे आणि लेसर त्याला हात घालू शकतो. चष्म्याने येत नाही, पण बारीक भोकाच्या पट्टीतून, म्हणजे पिनहोलमधून पाहिल्यावर सुधारते, तर कडक कॉन्टॅक्ट लेन्स घालून पाहावी. कडक लेन्सने स्वच्छ दिसले, तर बुबुळाचा पृष्ठभाग वेडावाकडा आहे. अशा डोळ्याला नेहमीचा लेसर उपयोगी नाही. बुबुळाच्या नकाशावर बेतलेला, म्हणजे टोपोग्राफी-गाइडेड लेसर लागतो, आणि तोही जमेलच असे नाही. कडक लेन्सनेही सुधारले नाही, तर खोट बुबुळाच्या मागे आहे. ती डोळ्यातल्या भिंगात असेल, पडद्यात असेल, किंवा लहानपणापासून तो डोळाच आळशी असेल. तिथे बुबुळावर कितीही लेसर मारला तरी दृष्टी वाढणार नाही. चष्म्याने जेवढे दिसते, जवळजवळ तेवढेच लेसरने दिसते. हा एक मुद्दा डोक्यात ठेवला तरी निम्मे लोक वाया जाणाऱ्या शस्त्रक्रियेतून वाचतील.

आता नंबर परत का आला, त्याबद्दल. ‘लेसर उतरला’ असे लोक म्हणतात, पण लेसरने काढलेला थर परत उगवत नसतो. १९३ नॅनोमीटरचा एक्सायमर किरण पेशीजालाचे रासायनिक बंध तोडतो आणि आजूबाजूला फारशी उष्णता न देता थर उडवतो. हा गुण ओळखणाऱ्यांत मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगास्वामी श्रीनिवासन होते. त्यांनी १९८१ साली अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत तो दाखवला, हे आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नसते. उडालेला थर गेला तो गेलाच. मग नंबर येतो कुठून?

वय लहान असताना लेसर झाला असेल, तर डोळ्याची लांबीच पुढे वाढलेली असते. अठरा-एकोणिसाव्या वर्षी भरतीच्या घाईत नंबर स्थिर नसताना केलेल्या लेसरांत हे हमखास दिसते. दुसरे कारण बुबुळावरच्या पातळ त्वचेचे, म्हणजे एपिथेलियमचे. ती साधारण ५० मायक्रॉन जाड असते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). लेसरने मधला भाग सपाट झाला की खड्डा बुजवल्यासारखी ती तिथे जाड होते आणि थोडा मायनस परत आणते. पहिला नंबर जितका मोठा, तितके हे जास्त. तिसरे कारण मोजमापाचे. सॉफ्ट लेन्स आदल्या दिवसापर्यंत घालून तपासणीला आलेल्या माणसाचे बुबुळ दबलेले असते, त्यामुळे चुकीचा आकडा यंत्रात भरला जातो. तरुण डोळा जवळचे पाहण्याची ताकद लावून मायनस जास्त सांगतो. डोळे शिथिल करणारे थेंब टाकून नंबर पडताळला नसेल, तर लेसर गरजेपेक्षा जास्त होतो आणि माणूस प्लसमध्ये जातो. मग लांबचे दिसते, पण मोबाइल किंवा वही धरली की डोके चढते.

यापेक्षा जास्त लक्ष द्यावे अशी आणखी तीन कारणे आहेत, कारण ती नंबराचे सोंग घेऊन येतात. पंचेचाळिशीच्या पुढे मायनस हळूहळू वाढू लागला आणि चाळिशीचा चष्मा न लावताही वाचता येऊ लागले, तर आधी मोतीबिंदू पाहावा. भिंगाचा गाभा घट्ट होत जातो तसा मायनस चढतो. अशा डोळ्याला लेसर केला, तर काही वर्षांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करावीच लागते आणि लेसरचा पैसा, बुबुळाचा थर दोन्ही वाया जातात. मधुमेहात साखर चढली की नंबर मायनसकडे सरकतो आणि उतरली की परत फिरतो. म्हणून नंबर घेण्याच्या आठवड्यात साखर किती होती हे कागदावर लिहिलेले असावे. सर्वांत धोक्याचे कारण म्हणजे बुबुळ फुगत जाणे, एक्टेशिया. यात गोल नंबरापेक्षा सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेचा, नंबर वाढतो, त्याची दिशा सांगणारा अ‍ॅक्सिस दर तपासणीला बदलतो, चष्म्यानेही अक्षराला सावली येते. बुबुळ कमकुवत झाल्याची ही खूण आहे. इथे ‘थोडासा टचअप’ म्हणून लेसर करणे म्हणजे तडा गेलेल्या भिंतीच्या विटा काढणे. पेंटाकॅमसारख्या स्कॅनमध्ये बुबुळाच्या मागच्या पृष्ठभागाचा उंचवटा पाहिल्याशिवाय दुसऱ्या लेसरची तारीख घेऊ नये. फुगवटा असेल, तर रिबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण वापरून बुबुळ घट्ट करण्याचा, म्हणजे क्रॉसलिंकिंगचा विचार होतो. मूळ पद्धतीत ३० मिनिटे थेंब आणि ३० मिनिटे किरण असा त्याचा क्रम आहे. त्याने वाढ थांबवता येते, चष्मा जात नाही.

कारण निव्वळ उरलेला नंबर आहे असे ठरले, की हिशेब थराचा. तो उदाहरणाने दाखवतो, कारण काउंटरवर हा हिशेब कुणी मांडून दाखवत नाही. ६.५ मिलिमीटर व्यासाच्या भागावर एक मायनस नंबर काढायला सुमारे १४.१ मायक्रॉन थर जातो. ६ मिलिमीटरवर सुमारे १२. लॅसिकमध्ये बुबुळाचा वरचा पातळ थर झाकणासारखा कापून उचलतात, त्याला फ्लॅप म्हणतात, आणि त्याखाली लेसर मारतात. समजा, पहिल्या लॅसिकआधी बुबुळ ५३० मायक्रॉन होते, पात्याने उचललेला फ्लॅप १६० मायक्रॉनचा होता आणि मायनस ७ नंबर काढला. म्हणजे ९९ मायक्रॉन गेले. फ्लॅपखाली उरले २७१. आज मायनस दीड नंबर आला आहे, त्याला २१ लागतील. जुना फ्लॅप उचलून खाली लेसर मारला, तर उरतात बरोबर २५०. पूर्वी हीच शेवटची मर्यादा मानत. आता बरेच सर्जन २८० ते ३०० हातचे ठेवतात. त्यातही पात्याचा फ्लॅप कागदावर १६० असला, तरी प्रत्यक्षात १८० निघू शकतो. मग खाली २३० उरले. हाच नंबर फ्लॅप न उचलता वरून काढला, तर २१ मायक्रॉन फ्लॅपच्याच अंगातून जातात आणि खालचे २७१ शाबूत राहतात. फ्लॅप एकदा कापल्यावर बुबुळाच्या ताकदीत त्याचा वाटा नगण्य असतो. भार पेलतो तो खालचा थर.

म्हणून ‘तुमची जाडी अजून ४३० आहे, भरपूर आहे’ एवढ्या वाक्यावर कुणी होकार देऊ नये. आजची जाडी म्हणजे फ्लॅप, खालचा थर आणि जाड झालेले एपिथेलियम यांची बेरीज. त्यातला वाटा कुणाचा किती, हे जुन्या कागदावरून किंवा डोळ्याच्या पुढच्या भागाच्या ओसीटी स्कॅनवरून कळते. ओसीटीत फ्लॅपची रेघ बहुतेक वेळा बऱ्याच वर्षांनीही दिसते. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, बुबुळाच्या कडेशी केसाइतकी बारीक पांढरट कमान दिसते, ती फ्लॅपची कड. ती पूर्ण गोल नसते. जिथे तुटते तिथे बिजागरी असते, आणि ती वरच्या बाजूला आहे की नाकाच्या, हेही लिहून ठेवावे.

फ्लॅप वर्षभराच्या आतला असेल आणि खालचा थर पुरेसा असेल, तर तो उचलून लेसर करणे सोयीचे असते, कारण दुसऱ्या दिवशी दिसू लागते. तीन वर्षे उलटून गेलेला फ्लॅप उचलला, की कडेने एपिथेलियमच्या पेशी आत शिरून वाढण्याचा धोका वाढतो. त्या पांढऱ्या बेटांसारख्या आत पसरतात, फ्लॅपची कड विरघळवतात आणि मग पुन्हा उचलून खरवडावे लागते. जुन्या फ्लॅपला वरून पीआरके, म्हणजे फ्लॅप न उचलता पृष्ठभागावर केलेला लेसर, बरा, असे आमचे मत आहे, मग पेशंटला चार दिवस जास्त त्रास झाला तरी चालेल. स्माइल (बारीक चिरेतून आतला थर काढण्याची पद्धत) झालेल्या डोळ्यात उचलायला फ्लॅपच नसतो, तिथेही नेहमीचा मार्ग पीआरकेच.

पीआरकेत काय होते ते नीट समजून घ्यावे, कारण पहिले लॅसिक झालेला माणूस ‘त्या वेळी तर दुसऱ्या दिवशी कामावर गेलो होतो’ अशा समजुतीत येतो. डोळा थेंबांनी बधिर करतात, पापण्या चिमट्याने उघड्या ठेवतात. सौम्य अल्कोहोलने एपिथेलियम सुमारे २० सेकंद सैल करून हळूच बाजूला सारतात. हे जुन्या फ्लॅपवर करताना हात बिजागरीकडून बाहेर चालवावा लागतो, उलटा चालवला तर फ्लॅपच सरकू शकतो. मग लेसर, जो दीड नंबराला जेमतेम काही सेकंद लागतो. त्यानंतर ०.०२ टक्के मायटोमायसिन-सी लावलेला स्पंज मोजून काही सेकंद ठेवतात आणि भरपूर थंड द्रावणाने धुतात. एकदा शस्त्रक्रिया झालेल्या बुबुळावर धुकट पांढरा डाग, म्हणजे हेझ, येण्याची भीती जास्त असते, त्यासाठी हे औषध असते. शेवटी पट्टीसारखी सॉफ्ट लेन्स बसवतात, ती सहसा चौथ्या-पाचव्या दिवशी निघते.

पहिले दोन-तीन दिवस डोळा चरचरतो, पाणी गळते, उजेड सहन होत नाही. बधिर करणारे थेंब घरी मागू नयेत, त्यांनी जखम भरत नाही आणि बुबुळाला व्रण पडतो. तिसऱ्या दिवसापासून वेदना उतरायला हवी. उलट वाढू लागली, चिकट घाण आली किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर रविवार असला तरी त्याच दिवशी दाखवावे. पहिला आठवडा दुचाकी नको. अक्षराला धार यायला एक ते तीन महिने लागतात. दर आठवड्याला नंबर तपासून घाबरण्यात अर्थ नाही. स्टेरॉइडचे थेंब आठवड्यागणिक कमी करत नेतात. ते दुकानातून परस्पर आणून महिनोन्‌महिने टाकले, तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. त्यातून लेसर झालेल्या पातळ बुबुळावर दाब यंत्रात खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो. पुढे आयुष्यभर दाब मोजताना ‘माझे लेसर झाले आहे’ हे आधी सांगावे.

आपल्या भागात पन्नाशी-साठीचे काही जण असे आहेत, ज्यांच्या बुबुळावर लेसरच्या आधीच्या जमान्यातल्या हिऱ्याच्या पात्याच्या चिरा आहेत. आरके म्हणत त्या शस्त्रक्रियेला. स्लिट लॅम्पखाली चाकाच्या आऱ्यांसारखे आठ, कधी सोळा व्रण दिसतात, मध्ये तीन-चार मिलिमीटरची मोकळी जागा. या चिरा बुबुळाच्या जवळजवळ ९० टक्के खोलीपर्यंत गेलेल्या असतात. अमेरिकेतल्या ‘पर्क’ अभ्यासाचे दहा वर्षांचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले, त्यात ४३ टक्के डोळे एक किंवा त्याहून जास्त नंबराने प्लसकडे सरकलेले आढळले. शिवाय अशा डोळ्याचा नंबर दिवसभरात बदलतो. रात्रभर बुबुळ सुजते, त्यामुळे सकाळी प्लस जास्त आणि संध्याकाळी मायनसकडे. त्यांना एकाच भेटीत नंबर देणारा कुणीही असो, तो चुकणार. एकाच दिवशी सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला, असे दोनदा तपासावे. या डोळ्यावर फ्लॅप उचलायला जाऊ नये. चिरांच्या रेषेवर तो भाकरीच्या तुकड्यांसारखा निखळतो. करायचाच तर मायटोमायसिनसह पीआरके. पण वय पंचावन्नच्या पुढे असेल आणि भिंग गढूळ होऊ लागले असेल, तर लेसरचा नाद सोडून मोतीबिंदूची वेळ पाहावी आणि लेन्सच्या हिशेबातच नंबर साधावा, हे आम्हाला जास्त शहाणपणाचे वाटते. त्या शस्त्रक्रियेनंतरही चिरा काही आठवडे सुजतात आणि प्लस नंबर दिसतो. तो तीन महिन्यांत बराचसा उतरतो, तोवर काही करू नये.

मोतीबिंदूनंतर उरलेल्या नंबराबद्दल थोडे. तक्रार ‘लेन्स चुकली’ अशी असते, पण आधी पाहायचे ते लेन्समागचा पातळ पडदा धुरकट झाला आहे का, डोळ्याच्या मागच्या पडद्यावर (रेटिनावर) सूज आहे का, आणि डोळा कोरडा आहे का. धुरकट पडद्याला याग लेसर लागतो, तो वेगळा. त्याचा चष्मा घालवण्याच्या लेसरशी संबंध नाही, नाव तेवढे सारखे. टोरिक, म्हणजे सिलिंडर नंबरही काढणारी, लेन्स असेल, तर ती जागेवर आहे का हे बाहुली मोठी करून पाहावे. ती एक अंश फिरली की तिचा सुमारे ३.३ टक्के उपयोग जातो, दहा अंशांत एक तृतीयांश, आणि तीस अंश फिरली तर काहीच उरत नाही. फिरलेली लेन्स पहिल्या काही आठवड्यांत परत फिरवून बसवता येते. ते सोडून बुबुळावर लेसर मारणे म्हणजे दुखणे एकीकडे आणि मलम दुसरीकडे. लेन्स जागेवर आहे, पडदे स्वच्छ आहेत, नंबर तीन महिने तसाच आहे आणि चष्म्याने स्वच्छ दिसते, अशा माणसाला मात्र लेसर खरोखर उपयोगी पडतो.

कोरड्या डोळ्याला आम्ही मुद्दाम वेगळी जागा देतो. पहिल्या लॅसिकमध्ये फ्लॅप कापताना बुबुळाच्या नसा कापल्या जातात, त्या भरून यायला सहा महिने ते वर्ष लागते. तोवर डोळा ओला ठेवण्याची जाणीवच कमी असते. कोरड्या बुबुळावर प्रतिमा डुचमळते, डोळे मिचकावले की स्वच्छ दिसते आणि पुन्हा धूसर होते. हे लक्षण असेल, तर नंबर घेऊच नये. घेतला तरी तो खोटा निघतो. कागदाची पट्टी पापणीत पाच मिनिटे ठेवून ५ मिलिमीटरच्या आत भिजली, किंवा अश्रूंचा थर पाच सेकंदांच्या आत तुटला, तर दोन-तीन महिने परिरक्षक नसलेले थेंब, पापण्यांना रोज दहा मिनिटे कोमट शेक आणि गरज पडल्यास डॉक्टरांनी दिलेले औषध. त्यानंतर पुन्हा नंबर. अर्धा-पाऊण नंबर नुसत्या एवढ्याने गेलेले डोळे थोडेथोडके नाहीत.

उरलेला नंबर अर्धा असेल आणि चष्म्याशिवाय शेवटची ओळ वाचता येत असेल, तर दुसरी शस्त्रक्रिया करू नये. रात्री गाडी चालवायला एक चष्मा पुरतो. चाळिशीच्या उंबरठ्यावर असलेल्यांनी तर मायनस एकचा उरलेला नंबर पुसून टाकण्याआधी विचार करावा. त्याच नंबरावर ते आज पेपर वाचतात, तो काढला की दुसऱ्या महिन्यात वाचायचा चष्मा हातात येतो. गरोदरपण, अंगावर दूध पाजण्याचा काळ, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, काबूत नसलेली साखर, डोळ्यात पूर्वी झालेली नागीण, सतत डोळे चोळण्याची सवय, यांपैकी काही असेल तर ते स्वतःहून सांगावे. सॉफ्ट लेन्स तपासणीआधी किमान दोन आठवडे, कडक लेन्स किमान चार आठवडे बंद. तपासणीच्या दिवशी आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी नंबर अर्ध्यापेक्षा जास्त फिरला, तर तारीख पुढे ढकलावी, भले गाडीभाडे वाया जाईल. बुबुळात थरच उरला नसेल, तर डोळ्यात भिंगापुढे बसणारी आयसीएल लेन्स हा मार्ग असतो; पण त्यासाठी आत पुरेशी खोली आणि बुबुळाच्या मागच्या पेशींची मोजणी चांगली लागते.

कामधंदा आणि हंगाम यांचा विचार कुणी सांगत नाही. उसाच्या पात्याने डोळा कापणे हे आपल्याकडचे नेहमीचे दुखणे. ज्याच्या डोळ्यात फ्लॅप आहे, त्याला ते पाते जोरात लागले तर बऱ्याच वर्षांनीही फ्लॅप सरकू शकतो. तोडणी, बांधणी, आखाडा, कबड्डी यांत असणाऱ्यांनी फ्लॅपवाली पद्धत टाळावी. तालमीतल्या पोरांना हे पहिल्याच तपासणीत सांगायला हवे, दुसऱ्या नव्हे. तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षबागायतदारांनी छाटणीनंतरच्या फवारण्या सुरू असताना, आणि मार्केट यार्डात हळद-मिरचीत काम करणाऱ्यांनी आवक जोरात असताना तारीख घेऊ नये. पीआरकेनंतर उन्हात काळा गॉगल तीन ते सहा महिने, कारण उन्हाने हेझ वाढतो. यात्रेतला भंडारा, गणपतीचा गुलाल, रंगपंचमी आणि कृष्णेतले पोहणे किमान महिनाभर वर्ज्य. नदीकाठच्या गावांनी २०१९ आणि २०२१चा पूर आठवून पाहावा. फेरतपासणी जुलै-ऑगस्टमध्ये येईल अशी तारीख घेतली आणि रस्ता बंद झाला, तर डोळ्यावरची लेन्स काढायला कुणी नसते. पोलीस आणि सैन्यभरतीसाठी करणाऱ्यांनी आधी त्या जाहिरातीतले वैद्यकीय निकष वाचावेत. शस्त्रक्रियेनंतर किती महिने उलटायला हवेत, बुबुळाची जाडी आणि डोळ्याची लांबी किती चालते, याच्या अटी असतात आणि त्या सगळीकडे सारख्या नसतात.

पैशाबद्दल एवढेच. दर विचारताना एका डोळ्याचा की दोन्हींचा, नव्या टोपोग्राफीसह की वेगळी, आणि नंबर राहिला तर वर्षभरात पुन्हा करण्याचे वेगळे पैसे पडतील का, हे लिहून घ्यावे. आरोग्य विम्याच्या सर्वसाधारण अटींत ७.५ डायॉप्टरपेक्षा (डायॉप्टर म्हणजे चष्म्याच्या नंबराचे एकक) कमी नंबर घालवण्याचा खर्च वगळलेला असतो. संमतिपत्र मराठीत मागावे आणि घरी नेऊन वाचावे.

शेवटी ज्या मागणीसाठी हे पत्र लिहिले, ती. दुसऱ्या लेसरला आलेल्यांपैकी बहुतेकांच्या हातात पहिल्या शस्त्रक्रियेचा एक पावतीचा कागद आणि थेंबांची चिठ्ठी, एवढेच असते. वर मांडलेला हिशेब त्यावर करता येत नाही. मग अंदाजाने फ्लॅप धरला जातो आणि अंदाज चुकला की फळ डोळा भोगतो. २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरांनी आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपायच्या आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. पण नंबर परत आल्याचे लक्षात येते ते आठ-दहा वर्षांनी, तोवर फाइल रद्दीत गेलेली असते आणि यंत्रही बदललेले असते. म्हणून लेसर करणाऱ्या प्रत्येक केंद्राने घरी सोडतानाच पेशंटच्या हाती एक पान द्यावे. त्यावर शस्त्रक्रियेआधीचा नंबर, बुबुळाची वक्रता आणि जाडी; पद्धत कोणती; फ्लॅपची जाडी आणि बिजागरीची बाजू; आणि किती व्यासावर किती मायक्रॉन काढले, एवढे असावे; तीन महिन्यांनंतरचा स्थिर नंबर फेरतपासणीला त्यावरच भरून द्यावा. यातले बरेचसे आकडे यंत्र स्वतःच छापते, त्याला फारसे वेगळे कष्ट नाहीत. जिल्ह्यातल्या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेने हे एक पान सक्तीचे मानावे, अशी आमची विनंती आहे.

ते पान फक्त दुसऱ्या लेसरपुरते नाही. आज पंचविशीत लेसर केलेल्याला साठीत मोतीबिंदू होईल, तेव्हा बसवायच्या लेन्सचा नंबर बुबुळाच्या वक्रतेवरून काढतात. नेहमीचे यंत्र फक्त पुढची बाजू मोजते आणि मागची बाजू तिच्या प्रमाणात असेल असे धरून चालते. लेसरने पुढची बाजू सपाट केलेली, मागची तशीच. त्यामुळे हिशेब चुकतो, लेन्स कमी ताकदीची बसते आणि माणूस प्लस नंबरात जातो. अशा डोळ्यांसाठी बॅरेट ट्रू-केसारखी वेगळी सूत्रे आहेत, आणि लेसरच्या आधीचे व नंतरचे नंबर हातात असले की ती जास्त नेमकी चालतात. तेव्हा ज्यांनी कधीही नंबर घालवून घेतला आहे, त्यांनी या आठवड्यात त्या केंद्रात जाऊन अहवालाची प्रत मागावी, मोबाइलमध्ये फोटो काढावा, एक झेरॉक्स रेशनकार्ड आणि सातबारा ज्या पिशवीत असतात तिच्यात ठेवावी आणि घरात कुणाला तरी सांगून ठेवावे.

आपले,
दृष्टितपासणीचे काम करणारे काही सहकारी,
सांगली-मिरज